दुर्गाबाई खोटे आणि "हिरोईनचं करिअर पाच वर्षांचं" हा समज

फोंड्याकडच्या एका मुलीने विचारलंय. कॉलेजात एकांकिका केल्यात, गावच्या जत्रेतल्या नाटकात दोनदा उभी राहिलीये, आता मुंबईला जायचं म्हणतेय. घरचे सांगतात की सिनेमात बाईचं करिअर पाच-सात वर्षांचं, मग आईचे रोल आणि मग घरी. तिचा प्रश्न असा, की ताई तुम्ही तालमीत दुर्गा खोटे यांचं नाव सारखं घेता, तर त्यांचं आयुष्य आणि करिअर एकदा नीट सांगा, आणि त्यातलं आज माझ्या उपयोगाचं काय तेही सांगा.

सांगते बाये, पण थोडं लांबणार, कारण या बाईंबद्दल दोन ओळीत बोलणं मला जमत नाही.

आधी घरच्यांचं. ते जे म्हणतात ते अगदीच खोटं नाही. मी इतकी वर्षं नाटकं बसवतेय, इथून मुंबईला गेलेल्या मुली बघितल्यात, काही सिरियलमध्ये लागल्या, काही दोन वर्षांत परत आल्या. पण ज्या परत आल्या त्यांचं वय झालं होतं किंवा चेहरा उतरला होता असं अजिबात नव्हतं. त्यांचं सगळं काम कुणीतरी फोन करण्यावर अवलंबून होतं, आणि फोन यायचा बंद झाला. दुर्गाबाईंनी १९३१ मध्ये पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे काम केलं आणि १९८० साली 'कर्ज'मध्ये राज किरणच्या आईच्या रोलमध्ये त्या दिसतात. मधे जवळजवळ पन्नास वर्षं आहेत. एवढा काळ टिकल्या कारण आपलं काम आपल्या हातात ठेवायचं हे त्यांनी फार लवकर ठरवलं होतं, निदान मला तरी त्यांच्या सगळ्या आयुष्याचा अर्थ असाच लागतो.

जन्म १४ जानेवारी १९०५, मुंबईत. माहेरचं नाव विटा लाड. हे लाड कुटुंब मूळचं आपल्या गोव्याचं, घरात कोकणी बोलायचे, हे इथे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. घर सुखवस्तू होतं, शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि मग सेंट झेवियर्स कॉलेजात, म्हणजे त्या काळच्या मुलीसाठी विचार कर काय मोठी गोष्ट. कॉलेज चालू असतानाच्या वयात लग्न झालं, विश्वनाथ खोटे यांच्याशी, इंजिनियर होते, सासर पैसेवालं. पुढे सासरची पैशाची घडी पार विस्कटली, दोन लहान मुलगे पदरात, बकुळ आणि हरीन, आणि कमी वयातच वैधव्यही आलं. ज्या बाईने कधी पैशाचा विचार केला नव्हता तिला मुलांसाठी कमवायला बाहेर पडावं लागलं. आधी शिकवण्या केल्या. सिनेमा नंतर आला, आणि तोही हौस म्हणून आला नाही, गरज म्हणून आला. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आपल्याकडे मुली म्हणतात मला लहानपणापासून आवड होती म्हणून मी करणार. आवड असावीच, पण या बाई पहिल्या दिवसापासून कामाकडे काम म्हणून बघत होत्या, हे पुढे सगळीकडे दिसतं.

पहिला सिनेमा 'फरेबी जाल', १९३१, मोहन भवनानींचा. अगदी छोटं काम होतं. सिनेमा वाईट निघाला आणि चांगल्या घरची बाई असल्या सिनेमात म्हणून जो काय गहजब झाला, की दुसऱ्या कुणी परत तोंडाला रंग लावला नसता. पण ते काम व्ही. शांतारामांच्या नजरेत आलं आणि प्रभात कंपनीने त्यांना १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती दिली. मराठीतला पहिला बोलपट तो.

इथे जरा थांबते, कारण तारामतीची एक गोष्ट आहे जी प्रत्येक अभिनेत्रीला माहीत असायला हवी. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा तारामती करायला बाईच मिळाली नाही, शेवटी साळुंके नावाच्या पुरुषाने ती केली. तीच हरिश्चंद्राची कथा, तीच तारामती, आणि एकोणीस वर्षांनी ती करायला कॉलेजात शिकलेली, घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातली बाई उभी राहते. पुस्तकांत मग छापतात की दुर्गाबाईंमुळे चांगल्या घरच्या मुलींना सिनेमाची वाट मोकळी झाली. त्यात तथ्य आहे, त्यांच्यानंतर लोकांचं बोलणं बरंच बदललं. पण गोव्यात राहून मला हे वाक्य जसंच्या तसं घेता येत नाही गो. आपल्याकडे देवळांच्या आसऱ्याने राहिलेल्या कलावंत घराण्यांतल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या गाणं, नाच, नाटक जपलं, केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे, या सगळ्या आपल्याच मातीतल्या. ज्योत्स्नाबाईंनी १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त काम केलं तेव्हा मराठी नाटकात बाईची भूमिका बाईनेच करायची याला केवढं बळ मिळालं. वाट या बायकांनी आधीच तुडवलेली होती, फक्त समाज त्यांना मान द्यायला तयार नव्हता. दुर्गाबाई आल्या आणि त्याच कामाला मान मिळाला. दोघींचं ऋण मानायचं, एकीला मोठं करताना दुसरीला पुसायचं नाही, आणि तुझ्या घरचे "आपल्या घरातल्या मुली असलं करत नाहीत" म्हणाले तर त्यांना हे सगळं सांग.

आता कामाबद्दल. 'अयोध्येचा राजा' मिळवून बघच. १९३२ चा आवाज आहे, खरखर आहे, पण पाच-दहा मिनिटांत कान सरावतो. लक्षात ठेव की तेव्हा प्लेबॅक नव्हतं, जो दिसतो तोच गातो, गाणं आणि अभिनय एकाच वेळी, वाजवणारे कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कुठेतरी बसवलेले, आणि माईक बोलणाऱ्याच्या जवळ कुठेतरी लपवलेला, म्हणजे हललं तर आवाज गेला. आणि सिनेमा मराठी आणि हिंदी दोन्हीत होता, म्हणजे तेच प्रसंग दोन भाषांत परत परत करायचे. समोर हरिश्चंद्र म्हणून गोविंदराव टेंबे, म्हणजे केवढा मोठा गाणारा माणूस, आणि या बाई गायिका म्हणून तयार झालेल्या नव्हत्या, तरी स्वतः गायल्या. मी मुलींना दाखवते तेव्हा सांगते की चेहरा नंतर बघा, आधी मान आणि खांदे बघा. राणी असताना आणि दासी म्हणून विकली गेल्यावर, दोन्ही वेळी पाठीचा कणा सरळच आहे. दुःख दाखवायचं म्हणून त्या वाकत नाहीत. त्या काळी बहुतेक नट नाटकातून आलेले, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं म्हणून हात मोठे, आवाज मोठा, रडणं मोठं, आणि या नाटकातून आलेल्या नव्हत्या म्हणूनच बहुतेक, कॅमेऱ्याला हवं तेवढंच देतात. आपल्या जत्रेतल्या नाटकांत तयार झालेल्या मुलींना हेच सगळ्यात जड जातं, माईक हातभर अंतरावर असतो आणि ती मांडवाच्या टोकाला बसलेल्या माणसासाठी ओरडत असते. त्या सवयीची लाज नको बाळगू, ती ताकद आहे, फक्त ती कधी बंद करायची ते कळलं पाहिजे.

त्याच वर्षी प्रभातचाच 'माया मच्छिंद्र' आला, त्यात त्या स्त्रियांच्या राज्याची राणी आणि सोबत पाळलेला चित्ता. खराखुरा चित्ता हं. एका वर्षात सोशिक तारामती आणि ही दरारा असलेली राणी, म्हणजे लोकांनी एका साच्यात बसवायच्या आतच साचा मोडला.

आणि मग त्यांनी जे केलं ते मला त्यांच्या कुठल्याही रोलपेक्षा मोठं वाटतं. तेव्हा नट कंपनीचे पगारी नोकर असायचे. महिन्याचा पगार, कॉन्ट्रॅक्ट, कंपनी सांगेल तो सिनेमा. प्रभातसारख्या कंपनीत असणं म्हणजे सरकारी नोकरीसारखं पक्कं. दुर्गाबाई त्यात अडकून राहिल्या नाहीत. कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्याकडे १९३३ मध्ये 'राजरानी मीरा' केला, न्यू थिएटर्ससाठी, मग १९३४ मध्ये 'सीता', तो ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा, राम होते पृथ्वीराज कपूर. हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. आणि मग १९३६ मध्ये परत शांतारामांकडे 'अमर ज्योती'साठी. म्हणजे भांडून दारं बंद केली नाहीत, पण एका दाराशी बांधूनही घेतलं नाही. आज आपण फ्रीलान्स म्हणतो ते त्यांनी तीसच्या दशकात केलं, लहान मुलं घरात असलेल्या एकट्या बाईने, जिला खरं तर पक्क्या पगाराची सगळ्यात जास्त गरज होती. असं करणाऱ्या पहिल्या मोजक्या कलाकारांत त्यांचं नाव येतं.

'अमर ज्योती'बद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. सौदामिनी नावाची बाई, तिला तिचं मूल नाकारलं जातं, कायदा नवऱ्याच्या बाजूने, आणि ती समुद्रावरची चाचेगिरी करणारी बंडखोर होते. १९३६ साली! बाईला गुलाम करणाऱ्या सगळ्या व्यवस्थेवर सूड घ्यायला निघालेली नायिका, आणि ती करणारी नटी स्वतः दोन मुलांसाठी घराबाहेर पडलेली. मला तो राग बघताना नेहमी वाटतं की हा नुसता शिकवलेला राग नाही. पण सिद्ध करता येणार नाही, माझं वाटणं आहे. १९३७ मध्ये त्यांनी 'साथी'ची निर्मिती केली. निर्माती म्हणून बाईचं नाव पडद्यावर येणं तेव्हा किती दुर्मिळ होतं ते वेगळं सांगायला नको.

आता तुझ्या प्रश्नातला खरा काटा. आईचे रोल आले म्हणजे संपलं का?

१९४१ मध्ये अत्र्यांच्या 'पायाची दासी'त त्यांनी खाष्ट सासू केली. वय किती होतं? छत्तीस. आज छत्तिसाव्या वर्षी सासूचा रोल आला तर मुली मॅनेजरला फोन करून रडतात. पुढच्या वर्षी विजय भट्टांच्या 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. सीता शोभना समर्थ होत्या. विचार कर, आठ वर्षांपूर्वी जी स्वतः सीता होती ती आता कैकेयी करते, दुसऱ्या सीतेला वनात पाठवणारी. आणि या दोन कामांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेने त्यांना लागोपाठ दोन वर्षं उत्तम अभिनेत्रीचं बक्षीस दिलं. सहाय्यक वगैरे नाही, अभिनेत्रीचं. कारण सासू आणि कैकेयी या भूमिकांत करायला खूप काही आहे, नायिकेपेक्षा जास्त आहे. कैकेयी वाईट नाही, तिला भीती वाटतेय, तिच्या मुलाचं काय होणार म्हणून, आणि त्या भीतीतून ती सगळं घर पेटवते. चांगल्या नटीला असा रोल मिळाला तर तिने देवाला नारळ द्यावा. नंतर १९४३ मध्ये सोहराब मोदींच्या 'पृथ्वी वल्लभ'मध्ये मृणालवती, ती तर आपल्या कैद्यावर सत्ता गाजवायला निघालेली कठोर राजकन्या. ही सगळी कामं हिरोईनच्या वयाची मुदत संपली असं लोक म्हणत असतील त्या काळातली.

नाटक पण तेव्हाच. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्या आल्या, खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त आनंदीबाई केली, इप्टा या नाट्यसंघटनेशीही संबंध होता. आणि १९५४ मध्ये शिरवाडकरांचं 'राजमुकुट', म्हणजे मराठीतला मॅकबेथ, त्यात लेडी मॅकबेथचं काम, दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल. लोक सिनेमात नाव झालं की स्टेज सोडतात, या उलट गेल्या, सिनेमात नाव झाल्यावर चाळिशीच्या आसपास स्टेजवर नव्याने शिकायला आल्या. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६८ मध्ये पद्मश्री, १९८३ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार. पुरस्कार एवढेच, त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

१९६० चा 'मुघल-ए-आझम' तू पाहिला असशीलच, लोक मधुबाला बघतात आणि बघावीच, पण परत बघशील तेव्हा जोधाबाईवर नजर ठेव. नवरा बादशहा, मुलगा बंडखोर, आणि ही मधे. मुलाविरुद्ध लढायला निघालेल्या अकबराच्या हातात तलवार द्यायचा प्रसंग आहे, तिथे समोर पृथ्वीराज कपूर, ज्यांचा आवाज भिंती हलवेल असा, आणि त्या आवाजाशी त्या स्पर्धाच करत नाहीत. हळू बोलतात आणि प्रसंग आपल्याकडे घेतात. हे तंत्र लिहून ठेव, समोरचा मोठा असेल तर तू लहान हो, पण सैल होऊ नको. १९३४ मध्ये हेच दोघे राम आणि सीता होते. आणि १९७३ मध्ये 'बॉबी'त बाईंनी मिसेस ब्रगांझा केली, आपल्या गोंयकार ख्रिश्चन घरातली म्हातारी, जिने ऋषी कपूरला लहानपणी सांभाळलेलं असतं, आणि ऋषी कपूर म्हणजे त्याच पृथ्वीराजांचा नातू. वय अडुसष्ट. ज्या भाषेचं घर त्यांचं होतं त्या मुलखातली बाई त्यांनी त्या वयात केली, याचा मला एक गोंयकार म्हणून फार आनंद होतो. 'आनंद', 'बावर्ची', 'अभिमान' त्याच दोन-तीन वर्षांतले, आणि १९७४ च्या 'बिदाई'ला फिल्मफेअरचं सहाय्यक अभिनेत्रीचं बक्षीस. सत्तरीला आलेल्या बाईकडे एवढं काम होतं.

आणि एवढं काम असूनही त्या नुसत्या कामाची वाट बघत नव्हत्या. फॅक्ट फिल्म्स म्हणून स्वतःची संस्था काढली होती, माहितीपट आणि जाहिराती करायची, पुढे तीच दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली 'वागळे की दुनिया' या संस्थेची. तुझ्या आईला विचार, तिला पाठ असेल. म्हणजे मूकपटाच्या शेवटापासून टीव्ही सिरियलपर्यंत, प्रत्येक वेळी माध्यम बदललं तेव्हा या बाई आधीच तिथे उभ्या.

सगळं सुखाचं होतं असं नाही. धाकटा मुलगा हरीन ऐन उमेदीत गेला. विजया मेहता त्याच्या पत्नी, म्हणजे यांची सून, रंगभूमीवरचं केवढं मोठं नाव. शुभा खोटे आणि विजू खोटे हे दिराची मुलं. घरच्या माणसांचं आणि कामाचं सगळं बाईंनी 'मी, दुर्गा खोटे' या आत्मचरित्रात स्वतः लिहिलंय, ते तू वाचच, माझ्याकडून ऐकण्यापेक्षा त्यांच्याकडून ऐक. शेवटची वर्षं अलिबागला काढली, २२ सप्टेंबर १९९१ ला गेल्या.

आता तुझ्यासाठी, अगदी व्यवहाराचं.

मुंबईला जायच्या आधी एक कमाईचं काम हातात ठेव जे अभिनयाच्या आसपासचं असेल. डबिंग, निवेदन, शाळांतून नाट्यवर्ग, भाषांतर, काहीही. तुला मराठी, कोकणी, हिंदी आणि बऱ्यापैकी इंग्रजी येतं, हे मुंबईतल्या किती मुलींना येतं? दुर्गाबाई दोन भाषांत एकच प्रसंग लागोपाठ करायच्या, तू चार भाषांत आवाज देऊ शकतेस. भाडं भरायची भीती नसेल तरच नको असलेल्या रोलला नाही म्हणता येतं, आणि नाही म्हणता येणं हेच या धंद्यातलं स्वातंत्र्य. कॉन्ट्रॅक्ट आलं तर सही करायच्या आधी दोन गोष्टी नीट वाच, किती काळ दुसरीकडे काम करायचं नाही असं लिहिलंय, आणि पैसे कामानंतर किती दिवसांनी मिळणार. सिरियलवाले बऱ्याचदा नव्वद दिवसांनी देतात, तोवर काय खाणार ते आधी ठरव. कळलं नाही तर वकिलाला दाखव, लाजू नको. आणि काम देतो म्हणून एकटीला भलत्या ठिकाणी बोलावणारा माणूस काम देत नसतो, हे मला लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं पण लिहिते.

दुसरं, तुझ्या वयापेक्षा मोठे रोल आत्ताच करायला लाग. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत मी बघते, सगळ्या मुलींना नायिकाच हवी असते, सासू करायला कुणी तयार नसते, मग ती कुणाच्या तरी गळ्यात मारतात. ती तू माग. बावीसच्या वयात पन्नाशीची बाई पावडर लावून करायची नसते, चालण्यातून आणि श्वासातून करायची असते, ती एकदा जमली की पुढची तीस वर्षं तुला कुणी हात लावू शकत नाही. तिसरं म्हणजे नाटक सोडू नको, मुंबईत गेलीस तरी वर्षाला एक प्रयोग इथे येऊन कर, आपले प्रेक्षक कडक आहेत, वाक्य चुकलं तर पहिल्या रांगेतला आजोबा मोठ्याने पुढचं वाक्य सांगतो, अशी तालीम दुसरीकडे मिळत नाही.

घरच्यांशी बोलताना वाद घालू नको. पहिल्या दोन वर्षांचा खर्चाचा कागद कर, भाडं, प्रवास, फोटो, क्लास, आणि समोर कमाई कुठून येणार ते लिही. आईवडिलांना बहुतेक वेळा कलेची भीती नसते, मुलगी अडकून पडेल याची असते. गरज वाटली तर मला बोलाव, मी येऊन बोलेन.

आणि आता काम. आधी 'अयोध्येचा राजा' बघ, मग 'अमर ज्योती', मग 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई, शेवटी 'बॉबी'. याच क्रमाने, आणि प्रत्येकात फक्त त्या कशा उभ्या राहतात आणि कधी गप्प बसतात तेवढंच वहीत लिही. 'भाऊबंदकी'तला आनंदीबाईचा एक प्रवेश निवडून पाठ करून रविवारी ये, आधी मांडवासाठी करून दाखव, मग तोच माझ्या मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर, आणि दोन्ही बघून आपण पुढचं ठरवू.